ईशान्येचा कोपरा

१

तृप्तीचा नकाशा आमच्या अंगणातल्या टाक्यात सापडला. सापडला तोही मलाच, कारण या घरात सकाळी उठून पाण्याला हात लावणारी मी एकटी. बाकी सगळे साहेब. बादली बुडवली तर पाणी काळपट. आधी वाटलं, माडीवरच्या क्लासच्या कार्ट्यांपैकी कोणीतरी पेन धुतला असेल. हात घातला तर कागद लागला. मोठा, जाड, आरपार दिसणारा ट्रेसिंगचा कागद, पार लोळागोळा झालेला. उलगडला तेव्हा शाईचे ओघळ माझ्या मनगटावरून खाली आले. तळाशी नावाच्या चौकटीत 'तृप्ती यादोराव' एवढंच कसंबसं वाचता येत होतं, पुढचं आडनाव धुऊन गेलं होतं.

मी सत्यभामा निंबार्ते. जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवली, पोरांच्या वह्यांमधले झेंडे आणि कमळं तपासता तपासता रिटायर झाले. आमचे हे, लक्ष्मणराव, एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. तेही मुदतीआधीच नोकरीतून सुटले, आणि घरी बसून माझ्या डोक्याला ताप नको म्हणून त्यांनी भंडाऱ्याच्या आमच्या घरात माडीवर क्लास काढला. आर्किटेक्टच्या परवान्याच्या परीक्षेचा. परीक्षेला डिग्रीवालेही बसतात आणि बरीच वर्षं नकाशे काढलेले जुने अनुभवी लोकही. आमच्याकडे मात्र सगळे डिग्रीवालेच. यंदा तिघं होते. आसगावची तृप्ती गजभिये, आंधळगावची ज्योत्सना आणि सानगडीचा भूपेश. पोरी मागच्या खोलीत राहायच्या, भूपेश गच्चीवरच्या.

परीक्षेचा एक नियम भलताच कडक. लेखी पेपर नंतर, त्याआधी प्रत्येकानं आपल्या हातानं शाईत काढलेला एक नकाशा नागपूरला जमा करायचा. तो जमा नसेल तर पेपरला बसूच देत नाहीत. जमा करायची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. आणि ही परीक्षा तीनदाच देता येते. तृप्तीची ही तिसरी वेळ होती.

मी हाक मारली तशी ती दात घासता घासता आली. कागद बघितला. रडली नाही, ओरडली नाही. चूळ थुंकली, तोंड पुसलं आणि गच्चीकडे बघून म्हणाली, "भूपेश, खाली ये. तुझं काम झालं, बघून घे."

भूपेश बनियनवरच खाली आला. "कोणतं काम?"

"काल तूच बोलला होता ना, तुझी शीट बोडीत बुडवतो म्हणून. तळ्यापर्यंत जायला आळस आला काय? इथंच बुडवली?"

हे खरं होतं. आदल्या संध्याकाळी माडीवर दोघांची कडाक्याची जुंपली होती आणि भूपेश तसं बोलला होता. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. ज्योत्सना दारात उभी राहून ओढणीचं टोक चावत होती. तेवढ्यात आमचे हे जिन्यावरून उतरले. त्यांनी कागदाकडे एकदा बघितलं. हातात घेतलासुद्धा नाही.

"भूपेश," ते म्हणाले, "सामान बांध. माह्या घरात चोर नाई पायजे."

२

"चोर म्हणालात, पण चोरी कुठं झाली?" मी विचारलं. "नासधूस झाली म्हणा."

"तू मधात नको बोलू, सत्यभामा."

मला मधात बोलू नको म्हटलं की मी मधातच बोलते, हे या माणसाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. तृप्तीला पोलिसात जायचं होतं. मी तिला सांगितलं, "पोलीस येतील ते माझ्या घरी येतील, आणि चार गल्ल्यांना कळेल. दुपारपर्यंत थांब. मी बघते." भूपेशलाही सांगितलं, की मी सांगेपर्यंत जिन्याची पायरी उतरायची नाही. ह्यांना काहीच सांगितलं नाही. ते सकाळचा पेपर घेऊन पडवीत बसले. उद्या त्यांना डोळे दाखवायला नागपूरला जायचं होतं, त्याचीच त्यांना चिंता.

कागद मी गच्चीत खाटेवर पसरला, चारही टोकांना विटा ठेवल्या, आणि खाली येऊन आधी ज्योत्सनाला धरलं. ही पोरगी गोड. इतकी गोड, की मला तिचा पहिल्या दिवसापासून संशय.

"तृप्तीची शीट काल कुठं होती?"

"माडीवर, तिच्या नळीत, फळीवर. आम्हा सगळ्याइच्या नळ्या तिथंच असतात, काकू. कुलूप नसते."

"रात्री कोण उठलं?"

"मी तर झोपून होती. बाकीच्याइचं मले काय मालूम." मग हळूच म्हणाली, "पण काकू, तृप्तीबी काही कमी नाई. भूपेशले किती टोचून बोलते. मासळी बाजार हा विषय तिनं मुद्दाम घेतला. त्याले घ्यायचा होता."

"आणि तुला काय घ्यायचं होतं?"

"मी तर मंगल कार्यालय काढलं. बाबा म्हणे, तेच शुभ आहे." बापाचं आंधळगावात सिमेंट-लोखंडाचं दुकान. पोरगी पास झाली की दुकानावर पाटी लावून नकाशापासून सळईपर्यंत सगळं एकाच जागी विकायचं, असा त्याचा बेत. "तृप्तीचं वाईट झालं. ते चादर खराब झाली तवापासून तिचे दिवसच खराब चालू आहेत पहा."

चादर म्हटल्यावर माझं डोकं तडकलं. पोरींच्या खोलीतली माझी पांढरी चादर तृप्तीनं शाईची बाटली सांडून नासवली होती. मी साबण लावला, सोडा लावला, लिंबू चोळलं, उन्हात टाकली. डाग तसाच. उलट आणखी काळाभोर दिसायला लागला. मी तृप्तीला तेव्हा वाट्टेल ते बोलले होते. ती म्हणाली होती, काकू, ही नकाशाची शाई आहे, एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही.

मी ज्योत्सनाला तिथंच सोडलं आणि गच्चीत पळाले. माझे गुडघे पळण्याच्या लायकीचे नाहीत, तरी पळाले. खाटेवरच्या कागदावरून शाई धुऊन गेली होती. नुसती पुसट सावली उरली होती. ही शाई शाळेतल्या पोरांच्या पेनात असते ती. पाणी लागलं की संपलं.

म्हणजे टाक्यात बुडाला तो नकाशा तृप्तीचा नव्हताच. कोणीतरी त्याची नक्कल करून ती बुडवली होती. खरा नकाशा धडधाकट होता, आणि तो याच घरात कोणाकडे तरी होता.

३

हे मी कोणाला बोलले नाही. चोराला वाटू दे की म्हातारी टाकं घासत बसली आहे.

कागद वाळला तशी शाईखालची पेन्सिल दिसायला लागली. पेन्सिल पाण्यात जात नाही. भिंती, दारं, ओटे, सगळं मला वाचता येत होतं. इतकी वर्षं नकाशेवाल्याच्या संसारात काढली, दुसरं मिळालं काय? आणि बघता बघता मला कोपरे दिसले.

हे कोपऱ्याचं प्रकरण आमच्या घरात रोजचं. नागपूरच्या कॉलेजात शिकलेल्या या पोरी दोन रेघा कोपऱ्यात भेटवताना एकमेकींच्या थोड्या पुढे नेतात. कोपऱ्यात बारीकशी फुली होते. त्यांना ते छान दिसतं. ह्यांना त्याचा संताप. "भिंतीले भिंत भेटली की थांबली पायजे. शेजाऱ्याच्या घरात नाई घुसली पायजे," हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकते. त्यांचं ऐकणारा एकच, भूपेश. तो आधी डिप्लोमा करून मग आर्किटेक्चरला गेलेला. त्याचे कोपरे जागच्या जागी बंद.

खाटेवरच्या कागदावर एकही फुली नव्हती. सगळे कोपरे बंद.

मी भूपेशच्या खोलीचं दार ढकललं. त्यानं खरंच सामान बांधून ठेवलं होतं. पिशवीवर बसला होता.

"कुठं ठेवला आहे?" मी विचारलं.

"काय?"

"मी शांतपणे विचारते आहे. पुन्हा विचारीन तेव्हा शांत राहणार नाही."

"काकू, तुम्हाले जे समजायचं ते समजा. तुम्ही तर मले पहिल्याच दिवशी इचारलं होतं, खोलीत मासे शिजवशील काय म्हणून. आडनाव ऐकल्याबरोबर."

"विचारलं होतं. घर माझं आहे. उद्या दुसरा कोणी आला तर त्यालाही विचारीन. मुद्द्यावर ये. काल तू बुडवतो का म्हणालास?"

तो पिशवीवरून उठून उभाच राहिला. "मंग काय म्हणू? माह्या बापानं, धनीरामनं, जनम तळ्यात काढला. पाट्यावर मासे घेऊन आई रस्त्याच्या कडेले बसते, उन्हात. माश्या, धूळ, कुत्रे. मी डिग्री कायच्यासाठी केली? त्याइच्यासाठी एक बाजार काढीन म्हणून. अन् सर म्हणाले, विषय तृप्तीले दिला, तू होस्टेल काढ. जिनं जाळं हातात धरलं नाई, ते काढून राहिली मासळी बाजार."

"वाईट काढला का तिनं?"

ही चावी बरोबर बसली. आवडत नसलेल्या माणसाचं काम चांगलं असलं की माणूस चिडतोच.

"वाईट काढला असता तं बरं झालं असतं," तो म्हणाला. "ओटे उंच घेतले, पाण्याले ढाळ दिला, बायाइले बसायले सावली दिली. अन् संडास नेले ईशान्येले. तळं नैऋत्येले आहे, तं घाण तळ्यापासून जितकी दूर नेता येते तितकी नेली. सर किती ओरडले, ईशान्येले देवाची जागा असते, बदल म्हणून. ज्योत्सनाबी कानाले हात लावे. पण तिनं नाई बदललं. तेवढ्यासाठी मी तिले मानतो. तिले सांगू नका. माह्या होस्टेलातबी मी तसंच केलं."

त्यानं आपली नळी उघडून शीट माझ्यासमोर आपटली. खरंच, त्याचेही संडास ईशान्येला होते. जमिनीचा उतार तिकडे होता म्हणून.

मी बाहेर आले आणि खाटेजवळ वाकले. उत्तरेचा बाण बघितला. पुन्हा बघितला. या कागदावर संडास ईशान्येला नव्हते. ते वायव्येला होते.

४

तृप्ती पोरींच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी विचारलं, "तुझे संडास कुठं होते?"

"काकू, माझं सगळं बुडालं अन् तुम्ही संडास विचारून राहिल्या."

"विचारते तेवढं सांग."

"ईशान्येला. शेवटपर्यंत ईशान्येलाच. सर म्हणाले, तपासणारा जुन्या वळणाचा निघाला तर नापास करील. मी म्हटलं, करू द्या. तळ्याचं पाणी माणसं पितात, ढोरं पितात. कोणाच्या देवासाठी मी त्यात घाण नाही सोडणार." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भूपेशला घालवला की नाही?"

"त्यानं नाही केलं."

"तुम्हाला काय माहीत?"

"नक्कल करणाऱ्यानं तुझे संडास हलवले. टाक्यात बुडवायचा कागद, कोणी वाचणार नव्हतं, तरी हलवले. भूपेशला हलवायचं कारण नाही. तो स्वतःच्या नकाशात तिथंच काढतो. हलवले त्यानं, ज्याच्या हाताला ईशान्येला संडास काढवतच नाही."

नक्कल म्हटल्यावर ती ताडकन उठली. मी तिला शाईचं सगळं सांगितलं. तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच कठीण झाला. "ज्योत्सना," ती म्हणाली. "उपासतापास, मुहूर्त, सगळं तिचंच असते. माझ्यासंगं एका ताटात जेवते, अन् ते..."

मी तिला अडवण्याआधी ती माडीवर पोचली होती. मी जाईपर्यंत ज्योत्सनाची नळी जमिनीवर होती, तिची वेणी तृप्तीच्या हातात होती, आणि ज्योत्सना एरवी बोलते त्याच्या चौपट आवाजात बोलत होती. गोडवा कुठल्या कुठं गेला होता.

"मले काय गरज पडली तुह्या शीटची? मच्छीचा बाजार काढीन मी? माह्या बाबानं घरात पाय ठेवू देला नसता मले."

"दाखव तुझी शीट."

"पाय, पाय, डोळे फोडून पाय."

मंगल कार्यालयाचा नकाशा जमिनीवर उलगडला गेला. मी दोघींना बाजूला केलं आणि तो बघितला. ईशान्येला देवघर, संडास वायव्येला, सगळं शास्त्राप्रमाणे. पण कोपऱ्याकोपऱ्यात फुल्या. एकही कोपरा बंद नाही. तिच्या सरावाचे जुने कागद काढले, तिथंही फुल्या. खोडरबरनं खोडलेल्या चुकीच्या रेघांनासुद्धा फुल्या. हात तसाच वळलेला. खाटेवरचा कागद हिनं काढला असता तर एखादी तरी फुली राहिली असती.

"सोड तिला," मी तृप्तीला म्हणाले. "हिनंही नाही केलं."

"मग कोणी केलं? टाक्यातल्या भुतानं?"

कोपरे बंद करणारा भूपेश, पण तो ईशान्येला भीत नाही. ईशान्येला भिणारी ज्योत्सना, पण तिचे कोपरे उघडे. या घरात कोपरेही बंद करणारा आणि ईशान्येलाही भिणारा एकच माणूस होता. माझं स्वयंपाकघर त्यानं शास्त्राला धरून अशा जागी बांधलं, की भर दुपारी दिवा लावल्याशिवाय मला तिखट आणि हळद वेगळी दिसत नाही. आणि तपासायला म्हणून गेल्याच आठवड्यात तृप्तीची शीट त्यानं दोन दिवस आपल्याकडे ठेवून घेतली होती.

मी जिना उतरले. पडवीतून पेपरची पानं उलटल्याचा आवाज येत होता.

५

मी सरळ आतल्या खोलीत गेले आणि त्यांची उद्याची पिशवी उघडली. धोतरजोडी, टॉवेल, फराळाचा डबा, आणि टॉवेलात गुंडाळलेली नकाशाची नळी. डोळ्याच्या डॉक्टरकडे नकाशाची नळी कोण नेतो?

झाकण काढलं. तृप्तीची शीट होती. काळीभोर, ठसठशीत रेघ, कोपऱ्याकोपऱ्यात फुली. फक्त दोन जागी ट्रेसिंग पांढरं, खरबरीत झालं होतं. तिथली शाई ब्लेडनं खरवडून काढली होती. एक जागा नावाच्या चौकटीतली. दुसरी ईशान्येची. संडास तिथून उचलून वायव्येला नेले होते, बंद कोपऱ्यांचे. चोरलं, आणि चोरलेलंसुद्धा सुधारलं.

मी ती पडवीत नेली आणि त्यांच्या पेपरवर ठेवली.

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "दार लोटून घे."

"नाही लोटत."

"पोरं ऐकतील."

"ऐकू द्या. त्या पोराला सगळ्यांदेखत चोर म्हणताना दार लोटलं होतं का?"

ते खाली बघून बोलायला लागले. "मीबी ह्या परीक्षेले बसून राहिलो. अनुभवाच्या कोट्यातून. साठच्या आत बसता येते, अन् मी पुढच्या महिन्यात साठचा होतो. मांगच्या दोन खेपा मी नापास झालो, तुले सांगतलं नाई. डोळे दाखवायले म्हणून जात होतो नागपूरले, ते ह्याच्याच साठी."

"तुम्ही यांना शिकवता."

"शिकवता येते. रेघ शिकवता येते, माप शिकवता येते. पण मले नवीन काही सुचतच नाई, सत्यभामा. जनमभर साहेबानं सांगतलं ते काढलं. अन् ह्या पोरीचं पाहिलं तं वाटलं, हे मले काहून नाई सुचलं." त्यांनी शीटच्या कडेवरून बोट फिरवलं. "किती शाळा, किती दवाखाने माह्या हातानं निघाले. सह्या दुसऱ्याच्या. एका भिंतीवर माहं नाव नाई. मरायच्या पहिले माह्या नावाचा एक तरी नकाशा पायजे होता."

मला त्यांची दया आली. नाही कशी येणार? या माणसाच्या नकाशांवर मी रात्र रात्र कंदील धरला आहे. पण दुसऱ्या क्षणाला इतका राग आला, की पेपर त्यांच्या तोंडावर मारावा.

"तिच्याही नावाचा तो एकच होता," मी म्हणाले.

"ते जवान आहे."

"तिची तिसरी वेळ आहे. उद्यानंतर तिला या परीक्षेचं दार बंद. आणि भूपेशचं काय? तो बोलला म्हणून तुम्हाला आयतंच सापडलं, नाही? नक्कल तर तुम्ही आधीच करून ठेवली होती. बुडवायची कधी, तेवढंच ठरायचं होतं."

त्यांनी मान वर केली, ती माझ्यासाठी नव्हे. माझ्यामागे दारात तिघंही उभी होती.

६

तृप्ती पुढे आली, पेपरवरची शीट उचलली आणि उजेडात धरली. नाव नाही, संडास जागेवर नाहीत, नको तिथं आहेत. आमच्याकडे न बघता तिनं अंगणातला पाट ओढला, त्यावर लाकडी फळी ठेवली, शीट चिकटवली आणि शाईची बाटली मागवली. ज्योत्सनानं आणून दिली. तृप्तीनं ती घेतली, पण तिला काही म्हणाली नाही. मघाची वेणी ज्योत्सनाही विसरली नसावी.

हे उठून जवळ गेले. "थांब," ते म्हणाले. "खरवडलेल्या जागी शाई फुटते. पहिले नखानं घासून घासून कागद गुळगुळीत करा लागते. तुह्याच्यानं नाई होणार, सगळी शीट खराब होईन. दे, मी करून देतो. जसं होतं तसं. ईशान्येले."

त्यांनी हात पुढे केला. या हातासारखी रेघ जिल्ह्यात कोणाची नव्हती, हे मी नवरा म्हणून नाही सांगत. आणि ईशान्येला काढतो म्हणणं त्यांना किती जड गेलं असेल, हे मला एकटीला कळत होतं.

"सर, तुमचा हात आता माझ्या कागदाला लागणार नाही," तृप्ती म्हणाली.

"पोरी, तुह्या भल्यासाठी बोलून राहिलो."

"तीन वर्षं माझ्या भल्यासाठीच बोलून राहिले तुम्ही. बस झालं."

ते मागे सरले. ती नखानं घासत बसली. अंगठ्याची कड लाल झाली तरी घासत होती. मग वायव्येचं सगळं खरवडलं, तेही घासलं, आणि एक एक रेघ ओढली. ईशान्येच्या एका भिंतीला शाई फुटलीच. मुंगीएवढा ठिपका, त्याला बारीक पाय. भूपेश तिच्या डोक्यावरून बघत होता.

"राहू दे तसंच," तो म्हणाला. "खरवडशीन तं भोक पडन."

"तुला विचारलं नाही मी."

"नको इचारू. अन् मी तुले माफबी नाई केलं. सगळ्याइच्या समोर चोर म्हटलं तू मले."

"म्हटलं. चुकले." तिनं मान वर केली नाही. "पण बुडवतो तू बोललाच होता."

"बोललोच होतो," तो म्हणाला आणि आपली पिशवी आणायला गच्चीवर गेला.

नाव तिनं शेवटी लिहिलं. शाई वाळेपर्यंत कोणालाच काही काम नव्हतं. मी चहा केला. कोणी घेतला नाही. ऊन उतरायला लागलं तशी तिघांनी आपापल्या नळ्या खांद्याला लावल्या. उद्या पहाटेपर्यंत थांबायला कोणी तयार नव्हतं. संध्याकाळच्या एसटीनं नागपूर गाठून तिथंच कुठंतरी रात्र काढणार होती, एकमेकांशी धड बोलतही नव्हती, तरी एकत्रच जाणार होती. भूपेशसमोर जाऊन ह्यांनी हात जोडले. मी ढकललं म्हणून नाही, आपणहून जोडले. भूपेश म्हणाला, "राहू द्या, सर," आणि नजर चुकवून निघाला. माफ केलं असं म्हणाला नाही.

तृप्तीची एक रीत होती. परीक्षेला, गावाला, कुठंही जाताना ती आधी ह्यांच्या आणि मग माझ्या पाया पडायची आणि "जयभीम काकू, येते" म्हणायची. मी दारात उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. तिचा कागद मी शोधून दिला होता. नवऱ्याची चोरी मी स्वतः त्या पडवीत आणून ठेवली होती. एवढं करून मला त्या पोरीकडून निदान एक शब्द हवा होता.

ती माझ्याजवळून गेली. पायातली चप्पल नीट केली, फाटक उघडलं, ज्योत्सना आणि भूपेश बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं आणि आवाज न करता लावून घेतलं. ह्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"पास होईन ते पोरगी," मागून हे म्हणाले. "पाहजो तू. त्या ठिपक्यासकट होईन."

माझ्याकडून त्यांना काहीतरी ऐकायचं असावं. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं. चोर मी शोधला होता, पण त्या पोरीच्या लेखी मी चोराच्या घरातली बाई होते. घर तर आमचं एकच आहे. मी आत गेले आणि टाक्यातलं काळं पाणी बादलीनं उपसायला लागले.